हिमनद्यांच्या देशात क्युसेकचा हिशेब

आइसलँडमध्ये रस्ता चुकायला फारसा वावच नाही. देशाला गोल वळसा घालणारा एकच मोठा रस्ता आहे, रिंग रोड. लांबी सुमारे १,३२० किलोमीटर. रेक्याविकहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि फिरून पुन्हा रेक्याविकला यायचं. जूनच्या मध्यात आम्ही सगळ्या घराने मिळून ही फेरी केली. नकाशा बघून आत्याने पहिल्याच दिवशी हरकत घेतली होती, "ही प्रदक्षिणा उलटी होतेय रे." दादाने तिला समजावलं की उलटं गेलं की धबधबे आणि हिमनद्या आधी लागतात, दमायच्या आत मोठं बघून होतं. आत्याला ते पटलं नाही, पण बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्यावर ती गप्प बसली.

दादा, वहिनी आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा लंडनहून आले. आम्ही बाकीचे पुण्या-मुंबईचे : आई, बाबा, आत्या, मामा-मामी, मी, नवरा आणि नववीतली लेक. ड्रायव्हरसकट एक छोटी बस ठरवली होती आणि मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या गेस्टहाउसांत. ही सगळी आखणी वहिनीची. रोज दोन वेळा बाहेर जेवायचं म्हटलं तर तिथे घर गहाण टाकावं लागेल, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आमच्या बॅगांत कपडे कमी आणि मुगाची डाळ, मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी जास्त.

बाबांविषयी आधीच सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी सुंदर आहे का, खळाळतंय का, हे त्यांना दुसऱ्या नंबरला दिसतं. आधी दिसतो तो विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि एक घनमीटर म्हणजे ३५ घनफूट, हा पाढा बसमधल्या सगळ्यांना परतेपर्यंत पाठ झाला.

पहिला दिवस : रेक्याविक

केफ्लाविकच्या विमानतळाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना लाव्हाचं माळरान. काळा दगड, त्यावर राखाडी-हिरवं शेवाळ, झाड औषधाला नाही. गेस्टहाउसमध्ये गरम पाण्याचा नळ सोडला आणि सगळ्या खोलीभर गंधकाचा वास. आत्या स्वयंपाकघरात जाऊन कोण अंडी उकडतंय ते बघून आली. जमिनीखालचं गरम पाणीच थेट नळाला येतं, थंड नळाचं पाणी मात्र इतकं गोड की बाटलीबंद पाणी विकत घेणं हा मूर्खपणा.

दुसरी अडचणही आत्याचीच. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी सूर्य समुद्रावर लोंबकळतोय. "दिवेलागणच होत नाही, मग शुभंकरोती कधी म्हणायची?" शेवटी पुण्याच्या वेळेने म्हणायची असं ठरलं.

दुसरा दिवस : थिंगवेत्लिर, गुलफॉस

ड्रायव्हर सकाळी आठला हजर. साठीच्या आतला, दाढीवाला, कमी बोलणारा. मुलांनी तासाभरात त्याला 'काका' करून टाकलं आणि त्याला ते आपलं नवं नाव आहे हे कळायलाही वेळ लागला नाही.

थिंगवेत्लिरला दोन गोष्टी एकाच जागी आहेत. इथे इसवी सन ९३० पासून उघड्या आभाळाखाली देशाची सभा भरत असे आणि इथेच उत्तर अमेरिका आणि युरेशियाच्या भूपट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतायत, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. दोन काळ्या भिंतींमधल्या घळीतून वाट जाते. पुढे सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली भेग आहे. तळ इतका स्वच्छ दिसतो की खोली कळत नाही. हे पाणी लांगयोकुल या हिमनदीचं. वितळलेलं पाणी लाव्हाच्या दगडातून झिरपत झिरपत इथवर यायला कित्येक दशकं घेतं. बाबा कठड्यावर वाकून बराच वेळ बघत होते. "इथलं धरण कुठंय ते कळलं," ते म्हणाले. "ते वर, पांढरं."

गेसिरला गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. आम्ही तीन उडवून घेतले, मामांच्या कॅमेऱ्यात एकही आला नाही. जवळच्या फ्रिडहेइमारला काचघरात टोमॅटो पिकवतात आणि टोमॅटोच्या वेलांमध्येच टेबलं मांडून टोमॅटोचं सार आणि ताजा ब्रेड वाढतात. शाकाहारी माणसाला आइसलँडमध्ये इतकं पोटभर आणि इतकं निर्धास्त जेवण दुसरीकडे क्वचितच मिळेल.

मग गुलफॉस. बस थांबते तिथून धबधबा दिसत नाही, सपाट माळ आणि मधूनच वर येणारं धुकं. चार पावलं पुढे गेलं की जमीन दुभंगते आणि अख्खी ह्वीटा नदी दोन पायऱ्यांत ३२ मीटर खाली जाते. दुसरी पायरी पहिलीला तिरकी आहे, त्यामुळे पाणी मधेच अंग वळवून घळीत शिरतं. या धबधब्यावर वीज प्रकल्प बांधायचा घाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला होता. जवळच्या शेतावरची सिग्रिदुर तोमासदोत्तिर ही बाई त्याविरुद्ध उभी राहिली. पायी रेक्याविकला जाऊन कोर्टकचेऱ्या करायची आणि प्रकल्प झाला तर धबधब्यात उडी टाकेन म्हणायची, असं सांगतात. तिची बाजू लढवणारा वकील स्वेन ब्योर्नसन पुढे १९४४ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. तिचा चेहरा कोरलेला दगड तिथे वाटेवर आहे.

बाबांनी दगड वाचला, पाण्याकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "किती मेगावॉट निघाले असते बरं?" लेक त्यांच्याशी बस सुटेपर्यंत बोलली नाही.

तिसरा दिवस : दोन धबधबे आणि बर्फावरची चाल

दक्षिण किनाऱ्याने जाताना डाव्या हाताला सलग कडा आहे. एकेकाळी समुद्र या कड्याला लागून होता, आता किनारा लांब सरकलाय आणि मधल्या सपाटीवर मेंढ्या चरतात. म्हणून इथले धबधबे थेट गवतात उतरतात. सेल्यालांडस्फॉस साठेक मीटरचा, बारीक धारेचा, पण त्याच्या मागून जाता येतं. मागे कपारीत उभं राहायचं आणि पाण्याच्या पडद्यातून बाहेरचं शेत बघायचं. आत्या पंजाबी ड्रेसवर रेनकोट आणि त्यावर मामीचा रेनकोट घालून, हात धरू न देता, चिखलातून पलीकडे गेली. आई आणि मामी मधूनच परत फिरल्या. "वन्संना कुणी सांगायचं," आई म्हणाली.

वरचा बर्फाचा डोंगर एयाफ्यात्लायोकुल. एप्रिल २०१०मध्ये याच ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं सहा दिवस जमिनीवर बसवली होती. तेव्हा लंडनला शिकणारा दादा हीथ्रोवर अडकला आणि मामांच्या मुलाची मुंज त्याला चुकली. मामा खिडकीतून डोंगराकडे रोखून बघत म्हणाले, "तर हाच का तो!" तेवढ्यात ढग आला आणि आरोपी दिसेनासा झाला.

स्कोगाफॉस उंचीने तेवढाच, पण रुंद आणि भरभक्कम. वर जायला पाचशेच्या वर पायऱ्या. नवरा आणि लेक चढून आले, आम्ही खाली बसून दशम्या संपवल्या.

दुपारी सोल्हेइमायोकुल. ही मिर्डाल्सयोकुल या मोठ्या बर्फाच्या टोपीतून खाली आलेली हिमनदी, आणि त्या टोपीखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८चा. गाइड दहा वर्षांखालच्या मुलांना बर्फावर नेत नव्हता, त्यामुळे भाचा रुसून आजीकडे राहिला. बाबांना वयामुळे नाही म्हणतील अशी आईची आशा होती, ती फोल ठरली.

बर्फावर चालायला बुटांखाली लोखंडी दात बांधतात. त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात. गाइडने एकेकाचा पाय मांडीवर घेऊन पट्टे आवळले, सैल राहिला तर घोटा मोडेल म्हणून पुन्हा ओढून बघितले. चालायची पद्धतही वेगळी. टाच-चवडा असं नाही, सगळं पाऊल एकदम सपाट आपटायचं, पाय जरा फाकवून, म्हणजे एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकत नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत सगळे बदकासारखे दिसत होतो. मग 'कर्र, कर्र' असा ताल जमला.

बर्फ म्हणजे पांढरंशुभ्र काहीतरी, ही कल्पना इथे मोडते. सगळीकडे काळी राख. कुठे राखेच्या टेंगळांखाली बर्फ टिकून राहिलाय, कारण जाड राख उन्हाला आत येऊ देत नाही. पातळ राख मात्र ऊन शोषून घेते आणि बर्फ लवकर वितळवते. त्यामुळे आजूबाजूचं वितळून जातं आणि राखेच्या मुंडाशाखालचा बर्फ शंकूसारखा उभा राहतो. एके ठिकाणी पृष्ठभागावरचे छोटे ओहोळ एका गोल विवरात उतरत होते. आतला बर्फ निळा, काचेसारखा, आणि तळातून घरघर ऐकू येत होती. गाइडने कुऱ्हाडीने पायरी खणून एकेकाला हाताला धरून आत डोकावू दिलं. बाबांनी विचारलं, हे पाणी जातं कुठे? हिमनदीच्या तळाशी, आणि तळावरून घसरत तोंडाशी, गाइड म्हणाला. म्हणजे कालव्याला बोगदा आहेच.

तिथल्या ह्वोल्सव्होत्लुर गावच्या शाळेची मुलं २०१० पासून दर वर्षी येऊन हिमनदीचं तोंड किती मागे गेलं ते मोजतात. आज जिथे तळं आहे आणि आम्ही ज्याच्या काठाने वळसा घेऊन आलो, तिथे त्यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा बर्फ होता. लेकीने घरी येऊन हे दोनदा सांगितलं : जवळजवळ तिच्याच वयाची मुलं.

चौथा दिवस : काळी वाळू, वाकलेला पूल, काळा धबधबा

वीकजवळच्या रेनिस्फ्यारावर वाळू काळी, कडा षट्कोनी दगडी खांबांचा, समोर समुद्रात सुळके. किनाऱ्याच्या तोंडाशी वाहतुकीसारखा दिवा लावलाय, लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. चार-पाच साध्या लाटांनंतर एखादी लाट गुपचूप तिप्पट आत येते आणि माणसाला ओढून नेते. इथे लोक मेलेत. ड्रायव्हरकाका एरवी बसमध्येच थांबायचा, इथे उतरून समुद्राकडे तोंड करून मुलांच्या पुढे उभा राहिला. तो बचाव पथकात आहे हे तेव्हा कळलं. या देशात बचावाचं काम पगारी लोक नाही, स्वयंसेवक करतात आणि त्यासाठीचा मोठा निधी नववर्षाच्या रात्रीचे फटाके विकून उभा राहतो. "म्हणजे फटाके उडवले नाहीत तर वाचवायला कुणी येणार नाही," भाच्याने निष्कर्ष काढला. काका पहिल्यांदा मोठ्याने हसला.

पुढे एल्डह्रौन, शेवाळाने झाकलेला लाव्हाचा समुद्र. १७८३ साली लाकीच्या भेगा फुटल्या आणि आठ महिने लाव्हा वाहत होता. विषारी वायूने गवत गेलं, गवताबरोबर जनावरं गेली आणि दुष्काळात देशातली साधारण पाचवा हिस्सा माणसं. आज तिथे बोटभर जाडीचं मऊ शेवाळ आहे. त्याच्यावर पाय देऊ नका, ठसा वर्षानुवर्षं राहतो, असं सांगणारे फलक लावलेत. तरी दोघे जण फोटोसाठी मधोमध लोळलेले दिसलेच.

पण त्या दिवसाचं खरं ठिकाण माझ्या लेखी वेगळंच. स्काफ्टाफेलच्या अलीकडे रस्त्याकडेला दोन प्रचंड लोखंडी तुळया पडल्यात, हाताने पिळावी तशा पिळलेल्या. बहुतेक बसेस तिथे पाच मिनिटं थांबतात. आम्ही तासभर होतो, कारण बाबा.

ही वाळूची सपाटी म्हणजे स्केदारारसांडुर. हिमनदीतून सुटणाऱ्या नद्या दर काही वर्षांनी इथे थैमान घालायच्या, म्हणून रिंग रोडचा हा शेवटचा तुकडा १९७४ पर्यंत रखडला होता. तेव्हा ९०४ मीटरचा पूल बांधला, देशातला सर्वांत लांब. सप्टेंबर १९९६च्या अखेरीस वात्नायोकुलच्या खाली ज्वालामुखी फुटला. वर शेकडो मीटर बर्फ. वितळलेलं पाणी बर्फाखालच्या ग्रिम्सव्होत्न सरोवरात महिनाभर साचत राहिलं. सगळ्यांना माहीत होतं की ते येणार. रस्ता बंद केला, माणसं हलवली आणि वाट बघत बसले. ५ नोव्हेंबरला साचलेल्या पाण्याने बर्फाचा बांधच उचलला. ऐन भरात सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या वर पाणी या सपाटीवरून गेलं, बरोबर घराएवढे बर्फाचे ठोकळे. पुलाचा काही भाग ठोकळ्यांनी तोडला. माणूस एकही दगावला नाही आणि तीन आठवड्यांत तात्पुरता रस्ता सुरू झाला.

बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "सोळा लाख क्युसेक." मग तुळईच्या भोकांत बोट घालून ते बोल्ट कसे कातरले गेलेत ते ड्रायव्हरला दाखवायला लागले. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, बाबा सात वर्षांचे होते, शनिवार पेठेत. घराच्या माळ्यावर पाणी आलं होतं हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्यांनी ते अनोळखी माणसाला, इंग्रजीतून, इतक्या सविस्तर सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्या मधे मधे दुरुस्त्या करत होती. "पितळी डबे नव्हते रे, तांब्याचा बंब." ड्रायव्हरने सगळं ऐकून एकच विचारलं, तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं? आत्या म्हणाली, "सांगितलं असतं तर बंब नसता का वर नेला?"

संध्याकाळी स्वार्तिफॉसला चालत गेलो. वीस मीटरचा लहान धबधबा, पण मागे काळ्या बसाल्टचे खांब ऑर्गनच्या नळ्यांसारखे लटकलेले. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि षट्कोनात तडकतो, त्याचे हे खांब. रेक्याविकच्या हात्लग्रिम्स चर्चचा दर्शनी भाग गुद्योन सामुएल्सन या वास्तुरचनाकाराने याच धर्तीवर केला. मामा मुंबईचे, अंधेरीचे. त्यांच्या घराजवळ गिल्बर्ट हिल आहे, तेच खांब, तोच दगड, साडेसहा कोटी वर्षं जुना. "पन्नास वर्षं तिथे राहतोय, कधी वर गेलो नाही," मामा म्हणाले.

पाचवा दिवस : योकुलसारलोन

वात्नायोकुल हे बर्फाचं पठार आइसलँडचा साधारण आठ टक्के भाग व्यापतं. त्याची एक जीभ ब्रेदामेर्कुरयोकुल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती जवळजवळ समुद्रापर्यंत आली होती, मग मागे हटू लागली आणि १९३०च्या दशकात तिने सोडलेल्या खड्ड्यात तळं धरलं. ते आज देशातलं सर्वांत खोल तळं आहे, अडीचशे मीटरच्या आसपास, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत आकाराने चौपट झालंय.

पाण्यावरही आणि जमिनीवरही चालणाऱ्या बोटीत बसवतात. चाकांवर गाडीसारखी गुरगुरत ती उतारावरून थेट पाण्यात शिरते, भाच्याचा सगळा राग तिथे निघाला. आजूबाजूला बर्फाचे तुकडे, काही बंगल्याएवढे. नुकताच उलटलेला गर्द निळा असतो, हवा लागली की पांढरा पडतो. राखेचे काळे पट्टे असलेलेही आहेत. मधेच एक तुकडा नुसताच कलला, आवाज न करता, आणि त्याच्या पलीकडून सीलचं डोकं वर आलं. गाइड मुलीने पाण्यातून बर्फाचा एक स्वच्छ खडा उचलला आणि फोडून सगळ्यांना वाटला. अंदाजे हजार वर्षांचा. तोंडात घातला की बारीक तडतड ऐकू येते. बर्फ झाला तेव्हा आत दाबली गेलेली हवा सुटते, तिचा तो आवाज. आईने तिचा खडा रुमालात धरून ठेवला होता, "हजार वर्षांचं एकदम कसं खायचं?"

तळ्यातून समुद्राकडे जाणारा ओढा जेमतेम, त्यावर रिंग रोडचा पूल. भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला बर्फ बाहेर जातो आणि काही तुकडे काळ्या वाळूवर परत येऊन पडतात. त्याला डायमंड बीच म्हणतात, गर्दीही तशीच. बाबा पुलावरच थांबले. खाली तुकडे एकामागून एक जात होते. धरणात साठा कमी झाला की खालचा जलाशय मोठा होत नाही, इथे होतोय, याने ते अस्वस्थ झाले होते. "मृतसाठ्यातून काढतायत," ते मला म्हणाले. मृतसाठा म्हणजे धरणाच्या दरवाजाच्या पातळीखालचं पाणी, जे दुष्काळाशिवाय कुणी काढत नाही.

रात्री ह्योफ्नला मुक्काम. आत्याने दुकानातून स्कीर आणलं होतं. घट्ट, आंबूस, दह्याच्या चुलतघरातलं. तिने ते स्वच्छ पंचात बांधून तासभर टांगलं, पिठीसाखर फेटली, पुण्याहून आणलेली वेलची-जायफळाची पूड घातली. वाटीभर श्रीखंड ड्रायव्हरकाकाला दिलं. त्याने तीन वाट्या खाल्ल्या आणि स्कीरमध्ये साखर घालणाऱ्यांवर आपण आजवर हसत आलो, असं कबूल केलं.

सहावा दिवस : धुकं आणि हेंगिफॉस

पूर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेले समुद्राचे फाटे, फार देखणे आहेत म्हणतात. आम्हाला दिवसभर पांढरं धुकं आणि बसचे वायपर दिसले. भेंड्या खेळून 'ळ'वर अडकलो. घरच्या ग्रुपवर पुण्यात पहिला पाऊस झाल्याचे व्हिडिओ येत होते.

दुपारी आत लागारफ्ल्योत सरोवराच्या टोकाला उघडलं. हेंगिफॉस १२८ मीटरचा, चढण तासाभराची. कड्यात काळ्या दगडाच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली माती पुढच्या लाव्हाखाली भाजली गेली, त्या या रेघा. सह्याद्रीतही कड्यांच्या पोटात अशाच तांबड्या रेघा दिसतात.

खाली फ्ल्योत्सदालुर हे डोंगराच्या पोटातलं वीजघर. काराह्न्युकार धरणातलं हिमनदीचं पाणी सुमारे ४० किलोमीटरच्या बोगद्यातून इथे आणलंय, क्षमता ६९० मेगावॉट. बाबा कोयनेच्या चौथ्या टप्प्यावर होते, तेही वीजघर भूमिगतच, आणि कोयना सगळी मिळून १,९६० मेगावॉटची. पण चार लाखांच्या आत लोकवस्तीच्या देशात ६९० मेगावॉट कुणाला? एका ॲल्युमिनियमच्या कारखान्याला. या धरणाविरुद्ध देशात मोठं आंदोलन झालं होतं. वळवलेल्या गढूळ पाण्याने खालचं लागारफ्ल्योतही आणखी गढूळ झालं. लेक आणि बाबा बसमध्ये पाऊण तास भांडले. बाबांनी बोगद्याची तारीफ मागे घेतली नाही, लेकीने सिग्रिदुरला सोडलं नाही. माझं मत विचाराल तर लेकीच्या बाजूने. मात्र घरी गिझर लावताना ते मत मला नेहमीच आठवेल असं नाही.

सातवा दिवस : डेटिफॉस, मिवात्न

डेटिफॉस सुंदर नाही. शंभर मीटर रुंद, ४४ मीटर उंच, पाणी सिमेंट कालवल्यासारखं करडं. वात्नायोकुलच्या उत्तर बाजूने निघालेली योकुलसा आ फ्योत्लुम नदी वाटेतला सगळा दगड दळून आणते. काठावर उभं राहिलं की पायाखालचा खडक थरथरतो, हे मात्र अगदी खरं. सरासरी विसर्ग सेकंदाला १९३ घनमीटर. बाबा : "६,८०० क्युसेक. पावसाळ्यात खडकवासल्यातून याच्या कितीतरी पट सोडतात." सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "तेव्हा भिडे पुलावर उभं राहून बघा म्हणावं," असं पुटपुटत तेही जरा मागे सरकले, कारण कठडा नावालाच होता.

मिवात्नला चिलटं. चावत नाहीत, पण नाकातोंडात जातात. सगळे डोक्यावर जाळ्या घालून फिरत होतो. ह्वेरिरला उकळता चिखल आणि फुसफुसणाऱ्या भेगा, वास सहन होत नाही. इथे राईचा गोडसर ब्रेड डब्यात भरून गरम जमिनीत पुरतात, दिवसभराने काढतात. आत्याला तो फार आवडला, साजूक तूप मात्र हवं होतं.

आठवा दिवस : गोडाफॉस

नालेच्या आकाराचा, बारा मीटरचा, देखणा. इसवी सन १००० मध्ये ख्रिस्ती व्हायचं की जुने देव ठेवायचे हा निवाडा थोर्गेर या सभापतीवर सोपवला होता. तो एक दिवस-रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि ख्रिस्ती व्हायचा निर्णय दिला. घरी जाऊन त्याने आपल्या मूर्ती या धबधब्यात सोडल्या, अशी कथा आहे. "विसर्जनच की," आत्या म्हणाली. आकुरेरीत सिग्नलचे लाल दिवे बदामाच्या आकाराचे आहेत. एवढं बघून आम्ही झोपलो.

नववा दिवस : ओक, ह्राउनफॉसार आणि गरम झरा

परतीच्या वाटेवर बोर्गारफ्योर्डुरमध्ये ड्रायव्हरकाकाने बस बाजूला घेऊन लांबचा एक बसकट डोंगर दाखवला. माथ्यावर पांढरे ठिपके. ओक. त्याच्यावर हिमनदी होती. हिमनदी म्हणायला बर्फ इतका जाड हवा की तो स्वतःच्या वजनाने सरकतो. ओकवरचा सरकायचा थांबला आणि २०१४ मध्ये तिला यादीतून काढलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये लोक चढून गेले आणि वर धातूची पाटी बसवली, पुढच्या पिढ्यांना पत्र म्हणून. हवेत त्या वर्षी किती कार्बन डायऑक्साइड होता तो आकडाही तिच्यावर आहे, ४१५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४१५. काका तिथे लहानपणी वडिलांबरोबर गेला होता. बाबांनी लांगयोकुलचं विचारलं. शे-दीडशे वर्षं, असं जाणकार सांगतात, काका म्हणाला.

ह्राउनफॉसार याच लांगयोकुलचं पाणी. पण इथे नदीच दिसत नाही. लाव्हाच्या कड्याखालून, जवळजवळ किलोमीटरभर, शेकडो धारा नुसत्या बाहेर येतात आणि खालच्या ह्वीटा नावाच्याच दुसऱ्या नदीत मिसळतात. पाणी नितळ निळं. डेटिफॉसनंतर डोळे धुतल्यासारखं वाटलं. सगळ्या फेरीत मला परत बघायचं असेल तर हे.

शेवटचा थांबा डेल्डारतुंगुह्वेर, गरम पाण्याचा झरा. सेकंदाला १८० लिटर, ९७ अंश. हे पाणी नळाने ३४ किलोमीटरवरच्या बोर्गार्नेसला आणि ६४ किलोमीटरवरच्या अकरानेसला जातं, घरं गरम करायला. तिथे पोचतं तेव्हाही ऐंशी अंशांच्या आसपास असतं.

"साडेसहा क्युसेकला जरा कमी," बाबा म्हणाले. "एका चारीला सोडतो तेवढं. आणि चौसष्ट किलोमीटर?" त्यांनी चष्मा पुसला. "वाटेत गळती किती?"

ड्रायव्हरकाकाला प्रश्न कळेना. वहिनीने नीट करून सांगितला. मधे कुणी पाइप फोडून घेत नाही का, शेताला, बागेला?

काका म्हणाला, उकळतं पाणी आहे, फोडून करतील काय?

बाबांना हे उत्तर इतकं पटलं की ते बसमध्ये चढल्यावरही मामांना समजावून सांगत होते, कालव्यांची पाणीचोरी कशी थांबेल ते.